डोंगरात माणसं, बेटांवर प्राणी?

इक्वेडोरच्या सहलीच्या माहितीपत्रकात दोनच रकाने होते. अँडीज म्हणजे 'संस्कृती', गालापागोस म्हणजे 'वन्यजीव'. आम्हीही तशीच वाटणी केली होती. बायकोला ओटावालोचा बाजार, लेकीला कासवं.

बाजारात शाल घेतली. (घासाघीस केलीच, सवय जात नाही!) स्पॅनिश राजवटीत याच लोकांना 'ओब्राहे' नावाच्या विणकामाच्या कारखान्यांत सक्तीने राबवत. आज त्यांचं कापड ते स्वतः जगभर नेऊन विकतात.

मग बोटीने बेटं. इथे तरी माणसाचा इतिहास नसेल असं वाटलं होतं. पण कासव अन्नपाण्याविना महिनोन् महिने जगतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या देवमाशांच्या शिकाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. ताज्या मटणासाठी ते जिवंत कासवं जहाजाच्या तळाशी रचून ठेवत. अशी लाखभर तरी नेली असावीत. १९५९ साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्याच साली पिंटा बेटावर मच्छीमारांनी तीन बकऱ्या सोडल्या. पुढे त्यांच्या हजारोंच्या कळपांनी बेट खरवडून खाल्लं. १९७१ मध्ये पिंटाचं एकच कासव सापडलं, 'लोनसम जॉर्ज'. इतर बेटांवरच्या माद्या सोबतीला दिल्या, अंडीही झाली, पण एकातूनही पिल्लू निघालं नाही. २०१२ मध्ये तो गेला. आता सांताक्रूझ बेटावर पेंढा भरून काचेआड ठेवलाय.

लेक तिथे बराच वेळ उभी होती.

"बाबा, मग त्या बकऱ्यांचं काय झालं?"

सगळ्या मारल्या, हे सांगायला मला बोटीवर परतेपर्यंत वेळ लागला.