बडोद्याचं तीस दिवसांचं दप्तर

गायकवाडांच्या राज्यात कागद जपला गेला. अठराव्या शतकातली मोडी पत्रं, हिशेब, करारनामे बडोद्याच्या कोठी भागातल्या अभिलेखागारात आजही आहेत. १९३४पासून त्यांतली निवडक कागदपत्रं खंड काढून छापलीही गेली. त्याच शहरात आज सीसीटीव्ही कॅमेरे रात्रंदिवस नवं दप्तर लिहितात, आणि त्यातलं बहुतेक सगळं महिन्याभरात पुसलं जातं.

अशा कॅमेऱ्यांच्या सुरुवातीच्या काळात तर काही उरतच नसे. जर्मनीत १९४२मध्ये व्ही-२ अग्निबाणांच्या उड्डाणावर कॅमेऱ्यातून नजर ठेवली गेली, पण ते चित्र फक्त समोरच्या पडद्यावर दिसायचं. १९७६मध्ये व्हीएचएस कॅसेट आली. तिच्यात जेमतेम काही तासांचं रेकॉर्डिंग मावायचं. मग चित्रं विरळ घेऊन तीच कॅसेट चोवीस तास पुरवणारे रेकॉर्डर निघाले. महिन्याच्या तीस-एकतीस कॅसेट आळीपाळीने लावायच्या, जुन्यावरच नवं घ्यायचं आणि फीत झिजली की चेहरे धूसर. हार्डडिस्कवर रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर आला तेव्हा कॅसेट बदलण्याचं काम संपलं, पण पद्धत तीच राहिली. हार्डडिस्क भरली की सर्वांत जुना दिवस आपोआप जातो.

तो दिवस कधी जाणार, हे गणितच ठरवतं. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट माहिती पाठवत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते. म्हणजे एक टीबीची डिस्क एका कॅमेऱ्याला साधारण तेवीस दिवस पुरते आणि चार कॅमेऱ्यांना सहा दिवसांहूनही कमी. चित्र जास्त स्पष्ट हवं, सेकंदाला जास्त फ्रेम हव्या, तर दिवस आणखी घटतात. चित्र दाबून लहान करण्याच्या, २०१३मध्ये आलेल्या एच.२६५ या पद्धतीमुळे तेवढंच स्पष्ट चित्र जवळपास निम्म्या जागेत बसू लागलं, आणि दुकानदारांना तिचाच मोठा आधार झाला.

पण डिस्क सगळे दिवस सारख्या वेगाने भरत नाही. दृश्यात हालचाल जितकी जास्त, तितकं चित्र दाबून लहान करणं कठीण. नवरात्रात बडोद्याच्या मैदानांवर हजारो माणसं फेर धरतात. सेकंदाला साठणारी माहिती, म्हणजे बिटरेट, बदलता ठेवलेला असेल, तर त्या नऊ रात्री रिकाम्या गल्लीच्या कितीतरी पट जागा खातात. हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला तर दारातला वाऱ्याने हलणारा कडुनिंबही पुरतो. अंधारातल्या चित्रातले बारीक ठिपकेही जागा व्यापतात. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. डीव्हीआर तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला असेल, तर अशा पुरात हे सगळं गणितच बुडतं.

फुटेज किती दिवस ठेवायचं, हे फार काळ दुकानदाराने घेतलेली डिस्क ठरवत होती. चोरी उशिरा लक्षात आली किंवा तक्रार उशिरा झाली, तर हवा तो दिवस पुसला गेलेला असे. गुजरातने २०२२मध्ये सार्वजनिक सुरक्षेचा कायदा केला. गर्दी जमते अशा आस्थापनांनी कॅमेरे लावावेत आणि रेकॉर्डिंग तीस दिवस जपावं, असं तो सांगतो. पहिल्या टप्प्यात आठ महापालिका होत्या आणि बडोदे त्यांत होतं. सरकारचं स्वतःचं कॅमेऱ्यांचं जाळं त्याआधीच विणलं जात होतं. बदामडी बागेत शहराचं नियंत्रण केंद्र उभं राहिलं आणि राज्यभराचा ‘विश्वास’ प्रकल्प जानेवारी २०२०मध्ये सुरू झाला.

पोलीस ठाण्यांची मुदत मात्र फार मोठी आहे. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठाण्यांतलं चित्र आणि आवाज अठरा महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष जपण्याचा आदेश दिला. कोठडीत मारहाण झालेला माणूस सुटून, सावरून, वकील गाठेपर्यंत महिने जातात. त्याच्यासाठी तीस दिवस अगदीच तोकडे आहेत, म्हणून हा आदेश मोलाचा. वरच्याच हिशेबाने एका कॅमेऱ्याच्या अठरा महिन्यांना सुमारे चोवीस टीबी लागतात. ठाण्यासाठी कॅमेरे मंजूर करताना तेवढ्या डिस्कचे पैसेही त्याच कागदावर मंजूर व्हायला हवेत.