फडातला आवाज आणि तबकडीवरचा आवाज

पुण्याहून संगमनेरकडे जाताना मंचर मागे पडले, कळंब ओलांडले, की नारायणगावात फाल्गुनाच्या अखेरीस रस्त्याच्या कडेला कापडी राहुट्या दिसू लागतात. प्रत्येक राहुटीवर एका फडाचे नाव, आत एक टेबल, दोन-चार खुर्च्या आणि वर्षभराची वही. पाडव्याच्या सुमारास जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, तर नगर, नाशिक, साताऱ्याकडचेही गावकारभारी येथे येतात, आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेची तिथी सांगतात, रकमेची घासाघीस करतात आणि सुपारी देऊन जातात. चैत्र-वैशाखातल्या यात्रा-जत्रांचे तमाशे येथे ठरतात. म्हणूनच नारायणगावला लोक तमाशाची पंढरी म्हणतात.

या भागात मी तरुण धर्मगुरू म्हणून आलो, तेव्हा यात्रेच्या दिवसांत एका रविवारी प्रवचनात तमाशावर बराच कोरडा ओढला होता. मिस्सा आटोपल्यावर एक वृद्ध धर्मग्रामस्थ माझ्याजवळ आले. तरुणपणी त्यांनी हलगी वाजवलेली होती. त्यांनी विचारले, "फादर, तुम्ही तमाशा बघितलाय का?" मी नाही म्हणालो. मात्र ऐकला आहे, असे सांगून रेडिओवर ऐकलेल्या दोन-तीन प्रसिद्ध लावण्यांची नावे घेतली. ते हसले. "तुम्ही ऐकली ती पलेट. फड निराळा."

त्या वाक्याने माझे प्रवचन पाडले हे खरेच. पण त्याहून अधिक म्हणजे एक प्रश्न मागे ठेवला. महाराष्ट्राच्या घराघरांत लावणी पोचली ती ध्वनिमुद्रिकेने. मग ध्वनिमुद्रिकेवर लावणी गाऊन नावारूपाला आलेली माणसे कोण होती, कोठून आली होती, आणि नारायणगावच्या फडातली माणसे त्यांच्यात कोठे होती?

आपल्या देशात ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला तो १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ त्या वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजान हिचे गाणे मुद्रित केले. मेणावरची ती मुद्रणे जर्मनीत हॅनोव्हरला जात व तेथून तबकड्या होऊन परत येत. तेथल्या कामगारांना गाणाऱ्याचे नाव कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव उच्चारी. जुन्या तबकड्यांवर ही नावे अजून ऐकू येतात. पुढे १९०८ च्या सुमारास कलकत्त्यात कारखाना निघाला आणि तबकड्या येथेच होऊ लागल्या. कंपन्या दरमहा नव्या तबकड्यांच्या याद्या प्रसिद्ध करीत. सणासुदीला या याद्या फुगत. आज नव्या गाण्याची जाहिरात दूरदर्शन संचावर नि मोबाईलवर झळकते, तिचे हे पणजोबा.

तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. नाट्यपद तीन मिनिटांत मावत असे, भावगीत तर त्या तीन मिनिटांसाठीच जन्मले म्हणावे. जी. एन. जोशी यांनी भावगीते तबकडीवर आणली आणि पुढे ते त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले, हा त्या काळाचा एक चांगला अध्याय आहे. लावणीही तबकडीवर लवकर आली. पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांच्या गळ्यातील लावण्या लोकांनी तबकडीवर ऐकल्या. 'एकच प्याला' नाटकातील पदांच्या चालींसाठी बालगंधर्वांनी त्यांचे साहाय्य घेतले, आणि १९३९ च्या 'माणूस' चित्रपटात त्यांनी नायकाच्या आईची भूमिका केली. पण सुंदराबाईंचे गाणे बैठकीचे होते. ढोलकीच्या फडाची लावणी हे वेगळेच प्रकरण.

ज्यांनी तमाशा पाहिलेला नाही, अशा माझ्यासारख्या वाचकांसाठी थोडे सांगावे लागेल. आरंभी गण, मग गौळण, तीत पेंद्या आणि मावशी यांची थट्टा, मग बतावणी, लावण्या आणि रंगबाजी, आणि उत्तररात्री वग. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे. गाणारीच्या मागे उभे राहून सूर उचलून धरणारा सुरत्या. पहिला वग मानला जातो तो 'मोहना बटाव', उमा-बाबू सावळजकर यांचा, १८६५ चा. हे उमाजी मांग समाजातले. वग पहाटेपर्यंत चाले. सोंगाड्या समोरच्या गावचे नाव घेऊन जागच्या जागी विनोद रचतो, गाणारी प्रेक्षकांच्या ओळीकडे बघून कडवे पुन्हा घेते, ढोलकीवाला तिच्या पावलाकडे बघून तोडा लांबवतो. यातले तीन मिनिटांच्या तबकडीत काय मावणार? चाल मावली, शब्द मावले. रात्र बाहेर राहिली.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक विचित्र गोष्ट घडली. १९४७ साली शांतारामबापूंच्या राजकमल संस्थेचा 'राम जोशी' पडद्यावर आला. लावणीकार शाहिराचे हे चरित्र लोकांनी डोक्यावर घेतले. आणि त्याच सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. थिएटरात तिकीट काढून जे पाहणे सभ्यपणाचे होते, तेच माळावर कनातीत पाहणे असभ्य ठरले होते. आम्हा धर्मगुरूंना त्या वेळी सरकारचा निर्णय योग्यच वाटला असणार. मी तर चाळीसएक वर्षांनी तेच प्रवचन करीत होतो.

त्यानंतर आला १९५९ चा 'सांगत्ये ऐका'. अनंत माने यांचे दिग्दर्शन, माडगूळकरांची गीते, वसंत पवार यांचे संगीत. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. तमाशापटांची लाट आली आणि तिच्याबरोबर लावणीच्या तबकड्यांची. या लाटेतला सर्वांत मोठा आवाज सुलोचना चव्हाण यांचा. त्या फडातल्या नव्हेत. मुंबईच्या गिरगावात १९३३ साली जन्मलेल्या, माहेरच्या कदम. मेळ्यांतून कामे केली, बालवयातच हिंदी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले. लावणीचे शब्द कसे फेकावेत, कोठे थांबावे, याची तालीम त्यांना पती श्यामराव चव्हाण यांच्याकडून मिळाली. आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. त्या व्यासपीठावर येत त्या डोक्यावरून पदर घेऊन, आणि उभ्या जागी, हातवारे न करता गात. सारा शृंगार आवाजात. हे सामर्थ्य लहान नव्हे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या निवर्तल्या.

ध्वनिमुद्रणाने लावणी नाचापासून सोडवली आणि माजघरात आणली, हे कार्य या डोक्यावरच्या पदराने केले. आपल्या कितीतरी धर्मग्रामस्थांच्या घरी ज्या मुलींना तमाशाच्या तंबूकडे फिरकू दिले नसते, त्यांनी त्या तबकड्या रेडिओवर ऐकून पाठ केल्या.

आता नारायणगावकडे वळू. सुलोचनाबाईंपेक्षा दोनच वर्षांनी लहान असलेल्या विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड म्हणजे 'भाऊ बापू मांग नारायणगावकर'. या नावाकडे वाचकांनी क्षणभर पाहावे. त्यात बाप आहे, चुलता आहे, जात आहे आणि गाव आहे. गौहरजानने तबकडीच्या शेवटी स्वतःचे एक नाव उच्चारले. विठाबाईंनी हे सारे नाव पाठीवर घेऊन आयुष्य काढले. गाणे, नाच आणि अभिनय तिन्ही त्या फडातच शिकल्या. लेकी-नातवंडेही याच वाटेने गेली. मंगला बनसोडे या त्यांच्या कन्येचे नाव आज कोणत्याही यात्रेत कोणी विचारले तर ओळखीचेच निघेल.

विठाबाईंची एक कथा या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. कळा येताच कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहण्यास निघाल्या. प्रेक्षकांना हे कळले तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवला. मी प्रथम ऐकली तेव्हा तिच्यातल्या शौर्याने भारावलो होतो. आता ती ऐकताना मला फडाची वही दिसते. हंगामाच्या आरंभी कलावंताने घेतलेली उचल, ती फेडण्यासाठी चुकवता न येणारी प्रत्येक रात्र, आणि फडमालकाच्याही डोक्यावरचे सावकाराचे कर्ज. खेळ बंद राहिला तर सुपारी बुडते. तबकडी मात्र गायिका आजारी असली तरी वाजते.

१९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींकडून विठाबाईंचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे देणे लोकांनी वर्गणी करून भागवले. राज्य शासनाने २००६ पासून तमाशातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले.

या दोघींना एकमेकींसमोर उभे करून एकीचा न्याय करावा आणि दुसरीचा निवाडा, असा माझा हेतू नाही. देवाघरी दोघींचा गळा सारखाच मोलाचा. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने हे नोंदवलेच पाहिजे की, लावणी म्हटल्यावर मराठी मध्यमवर्गाच्या कानात जो आवाज येतो तो स्टुडिओचा आहे, आणि ज्यांनी ती लावणी पिढ्यान्‌पिढ्या जगवली त्यांचा आवाज त्या-त्या रात्रीच्या प्रेक्षकांबरोबर विरून गेला. व्यवहार उलटही फिरला. १९७२ साली 'पिंजरा' आला. राम कदम यांच्या चाली, उषा मंगेशकर यांचा आवाज. जुने लोक सांगतात की त्यानंतर यात्रेत त्याच गाण्यांची फर्माईश होऊ लागली. फडाची चाल मुंबईला गेली, तबकडी होऊन परत आली, आणि फडातल्या बाईला आता त्या तबकडीसारखे गाता आले नाही तर ती कमी ठरू लागली. पुढे हिंदी चित्रपटांची गाणी आली, विजेची वाद्ये आली; गण-गौळण आखडली.

कॅसेट आली तेव्हा मात्र दारे थोडी उघडली. १९८० नंतर ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, लहान कंपन्या निघाल्या आणि एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडली. काही फडांची वगनाट्ये कॅसेटवर आली. पहाटेपर्यंतचा वग तासाभरात बसवावा लागला तरी सोंगाड्याचा आवाज तरी टिकला. या काळाचे खरे धनी शिंदे घराणे. १९३३ साली जन्मलेले प्रल्हाद शिंदे, आईवडिलांबरोबर कीर्तनात साथ करीत वाढलेले. विठ्ठलाची गाणी आणि बाबासाहेबांची गाणी ज्या एका गळ्यातून महाराष्ट्रभर गेली तो हा गळा. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांचे पोपटाचे गाणे एस.टी. स्टँडावर, रसवंतीगृहात, लग्नाच्या मांडवात इतके वाजले की आमच्या धर्मग्रामातील एका लग्नात नवरदेव वेदीपुढे उभा असताना बाहेरून तेच ऐकू आले. मी रागावलो होतो. आज आठवले की हसू येते.

आपल्या ख्रिस्तसभेचाही येथे संबंध पोचतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा असे सांगितले. रेव्हरंड टिळकांनी कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत जागा करून दिलीच होती. पेटी आणि तबला देवळात सहज आले. ढोलकी मात्र बराच काळ दाराशी थांबली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी हलगी आणि संबळ वाजवले अशी कुटुंबे आपल्या बाकांवर बसलेली असताना ती थांबली. बाप्तिस्म्याबरोबर वाद्यही सोडावे, अशी आमची समजूत होती. त्या वृद्ध धर्मग्रामस्थांची हलगी भिंतीवर का टांगलेली आहे, हे मी कधी विचारले नाही.

२०२० मध्ये महामारी आली आणि यात्रा बंद पडल्या. सलग दोन हंगाम बुडाले; फडातल्या कलावंतांनी शेतमजुरी केली, कोणी भाजी विकली. न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२१ नंतर बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, तशी या भागात घाटांवरची नि बैलांवरची नवी गाणी निघू लागली. ती कोणत्याही कंपनीच्या यादीत नसतात. गावातलाच मुलगा लिहितो, जवळच्या स्टुडिओत गातो आणि यात्रेच्या आधी मोबाईलवर सोडतो.

परवा पाडव्याच्या आधी मी नारायणगावला एका राहुटीजवळ थांबलो होतो. आंबेगावकडची पाच-सहा माणसे आली होती. फडाच्या व्यवस्थापकाने वही उघडण्याआधी त्यांच्यापुढे मोबाईल धरला. पडद्यावर एक मुलगी गात होती, मिनिटभर झाल्यावर त्यांच्यातल्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याने मोबाईल हाताने बाजूला सारला आणि विचारले, "ते राहू द्या. गण कोण म्हणतो तुमच्यात? आन् वग किती वेळ चालतो?"

व्यवस्थापक म्हणाला, "तुम्ही बसाल तवर." मग रकमेचे बोलणे सुरू झाले.