गोधडीतला हत्ती

मागच्या दिवाळीत नात पुण्याहून वाशीमला आली, तेव्हा तिचे पांघरूणही तिच्याबरोबर आले. सहा आडवे आणि आठ उभे असे ४८ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात वेगळे चित्र. हत्ती, छत्री, रिक्षा, कलिंगड, घुबड, पतंग. सुनेने ते महिनाभर खपून शिवले होते. निजताना ‘घुबड कुठं आहे?’ असे विचारायचे आणि पोरीने बोट ठेवायचे, असा त्यांचा रोजचा खेळ. तिसऱ्या रात्री थंडी वाढली म्हणून मी माझ्या आईची गोधडी तिच्या अंगावर घातली. पोर त्यातही हत्ती शोधू लागली. तो काही सापडेना. मग एका तांबड्या तुकड्यावर बोट ठेवून तिने विचारले, ‘हे काय?’ मी सांगितले, ‘ते माझ्या आजीच्या लुगड्याचं.’ झाले! त्या रात्रीपुरता खेळच बदलला. ‘हे कुणाचं? आणि हे कुणाचं?’ गोधडीच्या वरच्या थरात ३१ तुकडे आहेत. त्यातले ११ मला सांगता आले. इतिहास शिकवण्यात चौतीस वर्षे घालवलेल्या बाईची स्वतःच्या अंथरुणाबाबत ही गत. सांगणारी जाऊन पंधरा वर्षे होऊन गेली आहेत.

चित्रांचे कापड आपल्याकडे केव्हापासून आहे आणि ते आमच्या गोधड्यांत का नाही, हा प्रश्न मला तिथून लागला.

कापड तर फार जुने आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये इथे सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटाने या शाखेचा उलगडा झाला. तिच्यातल्याच हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याच अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या चित्रांत हंसांची नक्षी असलेले वस्त्र दिसते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तही हंसचिन्हांकित दुकूल आहे. पुढे मध्ययुगात गुजरातेतून गेलेले ठशाचे सुती कापड इजिप्तमधल्या फुस्तात येथे उकिरड्यात सापडले, त्यातल्या काही तुकड्यांवर हंसच आहेत. अर्थात हे राजाच्या अंगावरचे किंवा परदेशी धाडायचे कापड. ते फाटल्यावर कुणाच्या अंथरुणात गेले, हे लिहून ठेवायचे कुणाला सुचले नाही.

छापील सुती कापड ही मुळात आपली विद्या. ती युरोपात इतकी आवडली की तिथल्या विणकरांनी हाकाटी केली. फ्रान्सने १६८६ ते १७५९ अशी जवळजवळ पाऊण शतक तिच्यावर बंदी घातली. इंग्लंडने १७०१ मध्ये आयात रोखली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून १७२१ मध्ये असे कापड वापरणेच बेकायदा ठरवले. मग १७८३ मध्ये थॉमस बेल या स्कॉटिश माणसाने कोरीव रुळांनी कापड छापण्याचे पेटंट घेतले आणि पारडे फिरले. आपली ‘चीट’ इंग्रजीत जाऊन वेगळ्या नावाची झाली आणि गिरणीतून छापून घरी परत आली. माझ्या लहानपणी ‘चिटाचा परकर’ म्हणजे विकतचा, रंगीत, थोडासा हलका, असा अर्थ होता. हलका हा शब्द कापडाला होता तसा नेसणारीलाही लागे, ते असो.

वऱ्हाडापुरते बोलायचे तर ही परतीची वाट कापसानेच आखली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, तिकडचा कापूस थांबला आणि इथल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. आगगाडी आली ती कापूस नेण्यासाठी. पण परत येताना डबे रिकामे कशाला आणायचे? विलायती कापड येऊ लागले. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी तर ते या भागात स्वस्त पडून विणकर शेतीकडे वळतील, अशी आशाच आपल्या लिखाणात बोलून दाखवली आहे. १८७७ मध्ये नागपूरला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. ज्या जिल्ह्यात हे घडत होते तो ‘बाशिम’ जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोला आणि यवतमाळ यांत वाटला गेला आणि १ जुलै १९९८ ला पुन्हा उभा राहिला. तोवर कापूस मागे पडू लागला होता. आज आमच्या शिवारात सोयाबीनच जास्त दिसतो.

एवढे छापील कापड येऊनही आईच्या गोधडीत हत्ती नाही, याचे कारण साधे आहे. गोधडी विकतच्या कापडाची होत नसे. ती झिजलेल्या लुगड्याची, धोतराची होई. आणि लुगड्याची नक्षी छापलेली नसून काठात विणलेली असे. पण नीट पाहिले तर चित्रे होती. ती नावांत होती. करवतकाठी म्हणजे करवतीचे दाते, रुईफुली म्हणजे रुईचे फूल, नारळी म्हणजे नारळीचा काठ. ज्या पोराला नाव माहीत आहे त्याला करवत दिसते, ज्याला नाही त्याला नुसती रेघ. माझ्या नातीला रेघ दिसली, यात तिचा दोष नाही.

करण्याची रीत वाचकांतल्या पुष्कळांनी पाहिली असेल. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, जुने लुगडे अंगणात ताणून पसरायचे, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेवायचे, त्यावर थर घालायचे, वर तुकडे मांडायचे, आणि दोघी-तिघींनी कडेकडून आत धावदोरा घालत यायचे. आमच्या वऱ्हाडी बोलीत वाकळीची ‘वाकय’ होते. बाळासाठी धाकटे दुपटे. त्याला नवे कापड चालत नसे, कारण नवे टोचते. जुने लुगडे शंभर धुण्यांनी मऊ झालेले असते. शिवाय नजरेची भीती. मूल जगत नसले की त्याला मागून आणलेले कपडे घालायचे आणि नाव धोंडू, दगडू, भिकाजी ठेवायचे. काळाला वाटावे, हे यांचे नव्हेच, उसने आहे. चीनमध्येही शंभर घरांतून तुकडे मागून बाळाचे अंगडे शिवायची चाल होती. जपानातही होती. म्हणजे ‘हे कुणाचं?’ या प्रश्नाला मुलाच्या जिवाचे मोल होते.

चित्रशोधाची गोधडी निघाली ती दुसऱ्याच टोकाकडून, मुबलकतेतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रत्येक तुकडा निराळा असलेल्या गोधड्यांचे वेड होते. ९९९ तुकडे जमवायचे, एकही पुन्हा नाही, आणि त्यासाठी मुली आपसांत तुकडे बदलून घेत. त्याच काळात घोड्याचे नाल, नांगर (जहाजाचा), कुत्री अशी बारीक चित्रे छापलेले कापड तिथे खूप निघाले. मंदीच्या काळात तर पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य यांच्या छापील पिशव्यांतूनही पोरांचे कपडे नि पांघरुणे झाली. शोधाचा खेळ जुनाच. १९९२ मध्ये जीन मार्झोलो आणि छायाचित्रकार वॉल्टर विक यांचे ‘आय स्पाय’ हे चित्रकोड्यांचे पुस्तक निघाले. याच खेळाचे नाव गोधड्यांनाही आहे.

सुनेकडून मी तिची रीत शिकून घेतली. पुठ्ठ्यात चार इंचांची खिडकी कापायची, ती कापडावर फिरवायची आणि चित्र बरोबर मध्ये आले की कातरायचे. सारख्या रंगाचे दोन चौकोन शेजारी नको. दोन वर्षांच्या पोराला नुसते नाव विचारायचे. चौथ्या वर्षी ‘पावसात उघडतं ते कुठं?’ असे. अडचण एकच. ४८ चित्रांसाठी ४८ तऱ्हेचे कापड लागते आणि दुकानदार वीतभर देत नाही. म्हणून तिच्या मैत्रिणी एकमेकींना टपालाने चौकोन पाठवतात. हे ऐकले आणि मी हसले. शंभर घरांतून मागणे आलेच की! फक्त आता कुणाकडून काय आले, ते कुणी सांगत नाही. त्या पांघरुणात अकरा जणींचे तुकडे आहेत, हे पोरीला ठाऊक नव्हते. मला तिथे खरी चूक वाटते, चित्रांत नव्हे.

परतीच्या आधी मी आईची गोधडी घेऊन आत्याकडे गेले. ती नव्वदीला आली आहे, दिसते कमी. तिने डोळ्यांनी पाहिलेच नाही, तुकड्यांवरून बोटे फिरवली. ‘हे माह्या चोयीचं. हे तुह्या आज्याच्या धोतराचं, बुवाच्या कीर्तनाले हेच नेसून गेल्ते.’ बुवा म्हणजे गाडगेबाबा. त्यांच्या अंगावरही चिंध्यांचेच वस्त्र असे, म्हणून काही ठिकाणी लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. कोपऱ्याजवळच्या तुकड्यावर आत्या थांबली. ‘यावर बदकं होती. तुह्या बहिणीचं झबलं.’ मी उजेडात धरून पाहिले. विटलेल्या पिवळ्यावर तीन पुसट बदके होती. साठ वर्षे मी ती गोधडी पांघरते आहे.

आत्याने ३१ पैकी २४ ओळखले. यंदा सुनेला दुसरे व्हायचे आहे, म्हणून मी दुपटे घेतले आहे. बाजारातल्या कटपीसच्या दुकानातून हत्ती, बैलगाडी, मोर असे पंधरा चौकोन आणले. नऊ मागून आणले: शेजारणीच्या परकराचा, शिंप्याकडच्या कातरणाचा, आत्याच्या लुगड्याचा असे. प्रत्येकाच्या मागे, अस्तर घालण्याआधी, देणारीचे नाव दोऱ्याने घातले. आईच्या गोधडीतले सात तुकडे मात्र अजून बिननावाचे आहेत. त्यातल्या एकाला करवतीचा काठ आहे. तो काठ कुणाचा, हे आमच्या घराण्यातल्या कुणाला आठवत असेल, तर दिवाळीत सगळे जमतील तेव्हा विचारणार आहे.