रक्ताची साक्ष

घरातले माणूस कारण नसता झडू लागले, की आपल्याकडे पूर्वी पहिला संशय क्षयाचा येई. त्या रोगाचे नावच झिजण्यावरून पडले आहे. आज अशा वेळी कर्करोगाची शंकाही मनात डोकावते, आणि डॉक्टर प्रथम रक्त तपासावयास सांगतात. हे चमचाभर रक्त काय सांगते, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

शिरेतून काढलेले रक्त नळीत उभे ठेवले, की तांबड्या पेशी हळूहळू तळाशी बसतात. वॉर्सातील एडमंड बिएर्नाकी याने १८९७ साली दाखविले, की हा वेग आजारागणिक बदलतो. १९१८ साली स्वीडनमधील रॉबिन फोरेउस याला गर्भवतींचे रक्त लवकर बसते असे आढळले. ही गर्भधारणेची परीक्षा ठरेल, अशी त्याची अपेक्षा होती! पुढे १९२१ साली त्याचाच देशबांधव आल्फ वेस्टरग्रेन याने क्षयरोग्यांचे रक्त तपासून या मापनाला पद्धतशीर रूप दिले. तासाभरात पेशी किती मिलिमीटर खाली उतरल्या, हेच ते माप. आपल्या रिपोर्टांवरील ‘ई. एस. आर.’ ती हीच.

मग यात कर्करोग कोठून आला? शरीरात दाह माजला, की रक्तातील काही प्रथिने वाढतात. पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि जड होऊन भराभर बसतात. दाह जंतूंमुळे असो, सांधेदुखीमुळे असो वा गाठीमुळे, नळीला त्यातला भेद कळत नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांत सापडलेल्या ‘सी. आर. पी.’चीही तीच कथा. धूर दिसतो, आग कोणत्या खोलीत आहे ते शोधावे लागते.

या साक्षीचे मोल किती, हे इंग्लंडमधील संशोधकांनी २०२० साली मोजून पाहिले. अकारण वजन घटल्याची नोंद असलेल्या ६३,९७३ प्रौढांपैकी सहा महिन्यांत कर्करोग निघाला तो ९०८ जणांत, म्हणजे शेकडा दीडजणांतही नाही. त्यांतील ८८२ जण पन्नाशीचे किंवा त्यापुढचे होते. रक्तातील अल्ब्युमिन उतरलेले, अथवा प्लेटलेट, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी वा सी. आर. पी. चढलेली असली, तर संशय बळावत होता. परंतु कोणतीही एक तपासणी निर्दोष आली, एवढ्यावरून कर्करोग नाहीच असे म्हणता येत नव्हते.

वाचकांनी यातून दोन्ही गोष्टी ध्यानी धराव्यात. एखादा आकडा चढला म्हणून घरात रडारड करण्याचे कारण नाही; बहुतेकांच्या बाबतीत कारण निराळेच निघते. आणि रिपोर्ट चांगला आला, तरी वजन उतरतच असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे. वडीलधाऱ्यांचे सदरे सैल होऊ लागले असतील, तर ‘सण आटोपल्यावर पाहू’ असे म्हणून ते पुढे ढकलू नये.