त्रैराशिकाची कुळकथा

पाच वह्यांना दीडशे रुपये, तर आठ वह्यांना किती? हे गणित ज्या रीतीने सुटते ती आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास एका श्लोकात बसवली: फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. इथे पाच हे प्रमाण, दीडशे हे फळ आणि आठ ही इच्छा. तीन राशी माहीत असल्या की चौथी निघते, म्हणून हे त्रैराशिक.

६२८ साली ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त व्यस्त त्रैराशिकही दिले. त्यात प्रमाण आणि फळ गुणून इच्छेने भागायचे. आकडेमोड दोन्हींत सोपीच. खरी कसोटी त्याआधीची: एक राशी वाढली की दुसरी वाढते की घटते, हे ओळखायचे. मला या परंपरेचे मोठेपण या प्रश्नात दिसते.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० मधली. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला, तिथला शिलालेख ते सांगतो. ‘लीलावती’त धान्याची एक रास आहे. सात आढकांच्या मापाने ती शंभर मापे भरते, तर पाच आढकांच्या मापाने किती भरेल? उत्तर १४०. माप लहान झाले, मापांची संख्या वाढली, पण रास सातशे आढकांचीच राहिली. व्यस्त प्रमाणाचा सगळा आधार या न हलणाऱ्या सातशेवर आहे.

त्याच प्रकरणात सोळा वर्षांच्या दासीची किंमत ३२ निष्क, तर वीस वर्षांच्या दासीची किती, असेही विचारले आहे. उत्तर २५ पूर्णांक ३/५. माणसाच्या खरेदी-विक्रीचा हा हिशेब वाचताना मन विटते. आणि गणित म्हणूनही तो पटत नाही. वय आणि किंमत यांचा गुणाकार ५१२ च राहावा, असे बाजारात काय आहे? मग वर्षाच्या मुलीची किंमत ५१२ निष्क धरावी लागेल! एक वाढते तेव्हा दुसरे घटते, एवढ्यावरून व्यस्त प्रमाण ठरत नाही; आठवी-नववीतली हुशार मुलेही इथेच फसतात.

सोन्याचे उदाहरण मात्र चोख आहे. एका निष्काला दहा वर्णाचे सोने एक गद्याणक मिळते, तर पंधरा वर्णाचे दोन-तृतीयांश. कस वाढला, वजन घटले. आतले शुद्ध सोने तेवढेच राहिले.