मुलांचे दप्तर कोणी उघडावे?

आदिलाबाद जिल्हा दोन वेळा वाटला गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके नांदेडकडे आले. राजुरा पुढे १९५९ साली चांद्यास जोडला गेला. २०१६ साली उरलेल्या भागाचे चार जिल्हे झाले. अशा मुलखाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कागदाचा लोभ असणारच, आणि आम्हीही त्यास अपवाद नाही. तथापि सरकारी दप्तरात एक कप्पा असा आहे की, तेथे आपला हात आपणच आवरावा. तो सरकारच्या ताब्यात आलेल्या मुलांचा.

हा कप्पा पूर्वी बंद असे, तो मात्र मुलांच्या अब्रूसाठी नव्हे. तुरुंगांत सोळा वर्षांखालची मुले किती, बालन्यायालये कोठे आहेत, बालगृहे किती, हे एकत्रित सांगणारे कोणी नव्हते. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयात हीच माहिती मागितली. १९८६ साली न्यायालयाने देशभरच्या जिल्हा न्यायाधीशांस आज्ञा केली की, दंडाधिकारी पाठवून तुरुंग व कोठड्या तपासाव्यात आणि आत किती मुले आहेत ते कळवावे. या आज्ञेतून नांदेड सुटले नाही, आदिलाबादही नाही. मद्रासेचा बालकायदा १९२० चा, मुंबईचा १९२४ चा. सर्वांस समान कायदा मिळण्यास मात्र १९८६ ची अखेर उजाडावी लागली!

बारसेबाईंनी मागितली ती संख्या. नावे चव्हाट्यावर मांडा असे त्यांचे म्हणणे नव्हते. हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. २०१५ च्या कायद्यानुसार मुलाची ओळख छापणाऱ्यास सहा महिने कैद वा दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गंभीर अपराधांचे काही अपवाद सोडले, तर दोषी ठरलेल्या मुलाचे कागद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे ठेवून नष्ट करावेत, असा नियम आहे. इतिहासकाराचे यात नुकसान आहे, आणि ते त्याने सोसावे. परंतु मुलाचे नाव झाकण्यासाठी घातलेला पडदा पुढे ओढून बालगृहाच्या तपासणीचे आकडेही कोणी झाकू लागला, तर तो पडदा मुलाचा राहत नाही, कचेरीचा होतो.

आणखी एक वाचक उरतो, तो म्हणजे मोठे झालेले ते मूल स्वतः. दत्तक गेलेल्यास अठराव्या वर्षानंतर आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो; पण जन्मदात्रीने नाव गुप्त ठेवण्यास सांगितले असेल, तर आधी तिची संमती लागते. एकाच कागदावर दोघांचा हक्क, आणि त्यांतील एक जण कदाचित सीमेच्या पलीकडच्या तालुक्यात राहत असेल.