मॉडिफाय केलेलं घड्याळ आणि जोडाजोडीचं घड्याळ : फरक काय, ओळखायचं कसं?

विंझर (ता. राजगड-वेल्हे) : विंझर, मार्गासनी, वेल्हे या पट्ट्यात अजूनही बऱ्याच घरांत कपाटाच्या खणात एखादं जुनं चावीचं घड्याळ सापडतं. कुणाला लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, कुणी मुंबईला गोदीत किंवा गिरणीत असताना घेतलेलं. बहुतेक एचएमटीचं, क्वचित एखादं फाव्हर ल्यूबा. या जुन्या घड्याळांना आता पुन्हा मागणी आली आहे. मोबाईलवर ‘ओरिजिनल एचएमटी पायलट’ अशा जाहिराती दिसतात. मागणी आली तशी फसवणूकही आली. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हा फरक समजून घेतलेला बरा.

एचएमटी ही सरकारी कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने 1961 मध्ये तिने बंगळुरूत घड्याळाचा कारखाना सुरू केला. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही तिची घड्याळं घराघरांत गेली. पुढे सेलवरची घड्याळं आली, टायटन आलं, आणि चावीचं घड्याळ मागे पडलं. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. जुन्या मॉडेलचे कंपनीचे सुटे भाग मिळणं अवघड झालं आणि जोडाजोडीला वाव मिळाला.

आधी चार प्रकार वेगळे करा

पहिला, मूळ घड्याळ. मशीन, डायल, काटे, डबी, मागचं झाकण सगळं कंपनीतून निघालं तसंच.

दुसरा, दुरुस्त केलेलं. काच फुटली, स्प्रिंग तुटली, पट्टा झिजला म्हणून त्याच मापाचा भाग बदलला. यात वावगं काही नाही. पन्नास वर्षं वापरलेल्या घड्याळात एवढं होणारच.

तिसरा, मॉडिफाय केलेलं. मालकाने स्वतःच्या आवडीने, समजून उमजून बदल केलेले असतात. सध्या सीकोच्या घड्याळांवर हा छंद जोरात आहे. सीको गटाचं एनएच 35 नावाचं ऑटोमॅटिक मशीन सुटं मिळतं. त्याला बसणाऱ्या डायल, काटे, डब्या अनेक जण बनवतात. माप जुळतं, घड्याळ नीट चालतं आणि विकताना ‘हे मॉडिफाय केलेलं आहे’ असं सांगितलं जातं.

चौथा, जोडाजोडीचं. तीन-चार मोडक्या घड्याळांतून हाताला लागेल ते उचलून एक चालतं घड्याळ उभं केलेलं असतं. एकाची डबी, दुसऱ्याचं मशीन, तिसऱ्याचे काटे आणि वर नवीन रंगवलेली डायल. परदेशातले शौकीन याला ‘फ्रँकनवॉच’ म्हणतात. मेरी शेलीच्या 1818 सालच्या ‘फ्रँकनस्टाईन’ कादंबरीत मेलेल्या माणसांचे अवयव जोडून एक जीव तयार केलेला आहे, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडून रंगवून, चकाचक करून बाहेर जाणाऱ्या अशा घड्याळांना तिकडे ‘मुंबई स्पेशल’ असंही म्हणतात. ही काही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट नाही.

खरा फरक कुठे आहे?

भाग बदलले दोन्हीकडे. मग फरक काय? ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. भात खाचरात चिखलणीसाठी कुणी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावली तर तो कामासाठी केलेला बदल झाला. पण एका ट्रॅक्टरचं इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स आणि तिसऱ्याचं बोनेट एकत्र करून, वर रंग मारून ‘एका हाताचा, कंपनी कंडिशन’ म्हणून विकला तर? घड्याळाचंही तसंच. भाग एकमेकांना जुळतात का आणि विकणारा खरं सांगतो का, हे दोन प्रश्न विचारायचे.

काही घड्याळं यांच्या मधली असतात. एचएमटीचं तेच 17 ज्वेलचं मशीन कंपनीने एकाहून जास्त मॉडेलांत वापरलं. त्यामुळे एकाचं मशीन दुसऱ्याच्या डबीत आरामात बसतं आणि वेळही बरोबर दाखवतं. रोज हातात घालायला असलं घड्याळ वाईट नाही. पण ते मूळ नव्हे, आणि मूळ घड्याळाचा भावही त्याला देऊ नये.

घेताना काय बघायचं?

– डायलवरची अक्षरं. मूळ छपाई बारीक आणि रेखीव असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाड, फुगलेली, कधी तिरकी असतात. पायलट म्हटलं की काळी डायल. भडक रंग दिसला तर आधी शंका घ्यावी.

– वय जुळतं का? डबी घासलेली, झाकण झिजलेलं आणि डायल मात्र कोरी करकरीत, हे होत नाही. आकडे पिवळे पडलेले आणि काटे पांढरे शुभ्र असतील तर काटे बदललेले आहेत.

– काट्यांची लांबी. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. तो अलीकडेच थांबत असेल किंवा काचेला घासत असेल तर तो दुसऱ्याचा आहे.

– तारीख-वार खिडकीच्या मधोमध दिसतात का, ते बघावं.

– झाकण उघडायला लावा. डायलवर ‘ऑटोमॅटिक’ लिहिलंय आणि आत फिरणारा अर्धगोल रोटर नाही, म्हणजे जोडाजोडी. डायलवरचं नाव आणि मशीनवरचं नावही ताडून बघा.

– मशीन डबीत हलत असेल तरी समजावं. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात. परक्या मशीनवर बसवताना हे पाय कापून डायल चिकटवतात.

पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार इथं घेताना या खुणा उपयोगी पडतात. ऑनलाईन घेताना मात्र आतल्या मशीनचा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

घरातलं घड्याळ दुरुस्तीला देताना

नुकसान इथेच जास्त होतं. वडिलांचं घड्याळ बंद पडलं म्हणून दिलं जातं आणि ‘डायल नवी टाकून देतो’ या बोलण्याला माणूस हो म्हणतो. डाग पडलेली मूळ डायल एकदा गेली की परत मिळत नाही. तेव्हा घड्याळ देण्याआधी समोरून, मागून आणि जमलं तर झाकण उघडून आतून फोटो काढून ठेवावेत. साफसफाई, तेलपाणी आणि बंद पडलेला भागच बदलायला सांगावं. काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्यावा. डायल रंगवू नये, डबीला जास्त पॉलिश करू नये. बंद घड्याळ भंगारच्या भावातही देऊ नये, कारण त्याच्याच भागांतून पुढे जोडाजोडीची घड्याळं उभी राहतात.

मूळ म्हणून पैसे घेऊन जोडाजोडीचं घड्याळ दिलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली तक्रार करता येते. त्यासाठी बिल, जाहिरातीचा फोटो आणि झालेलं बोलणं जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक 1915 आहे.